‘७०० गुणिले ३.१४’ हे चाकाचे माप नव्हे

सायकल कॉम्प्युटर, म्हणजे चाकाच्या फेऱ्यांना परिघाने गुणून अंतर दाखवणारे उपकरण, नव्याने बसवणाऱ्यांना एक सल्ला हमखास दिला जातो : टायरवर ७०० लिहिलेले असेल, तर त्याला ३.१४ ने गुणून २१९८ मिलिमीटर हा परीघ भरावा. चाक जमिनीवर फिरवून मोजण्याची गरज नाही, थोड्या फरकाने बिघडत नाही आणि जीपीएस असेल तर प्रश्नच मिटला.

यातला पहिला भाग साफ चुकीचा आहे. ७०० हा बाह्य व्यास आता केवळ नावापुरता उरला आहे. खरी माहिती टायरच्या कडेलाच छापलेल्या २५-६२२ यांसारख्या आकड्यांत असते : टायरची रुंदी २५ मिलिमीटर आणि तो रिमवर जिथे बसतो तिथला व्यास ६२२. टायरची उंची ढोबळपणे रुंदीइतकीच धरून ती दोन्ही बाजूंनी मिळवली, की व्यास ६७२ आणि परीघ सुमारे २११० होतो. म्हणजे २१९८ भरणाऱ्याचा कॉम्प्युटर चार टक्के पुढे धावतो, आणि २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीत) २०८ दाखवतो. किलोमीटरचे आकडे पाहून वळण शोधणाऱ्यासाठी हा फरक ‘थोडा’ नाही.

२११० हा आकडाही शेवटी हिशेबातूनच आलेला आहे. रोज ठरावीक रस्त्याने कामावर जाणाऱ्याला तो पुरेल, हे मी मान्य करतो. पण रिमच्या रुंदीप्रमाणे टायर कमीजास्त पसरतो, आणि स्वार बसला की जमिनीला टेकलेला भाग दबून एका फेरीत कापले जाणारे अंतर किंचित घटते. म्हणून नेहमीइतकी हवा भरावी, फेऱ्या मोजणारा सेन्सर ज्या चाकावर आहे त्याचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून जमिनीवर खडूने खूण करावी, सायकलवर बसून कोणाच्या तरी आधाराने सरळ रेषेत पाच फेऱ्या पुढे जावे, व्हॉल्व्ह पुन्हा खाली येताच दुसरी खूण करावी आणि मधल्या अंतराला पाचाने भागावे. मोजताना एक सेंटिमीटरची चूक झाली, तरी अंतिम आकड्यात ती दोनच मिलिमीटर उरते.

जीपीएसचा मुद्दा अर्धाच खरा आहे. काही उपकरणे जीपीएसवरून परीघ स्वतः ठरवतात, हे उपयोगाचेच आहे. मात्र जीपीएस ठरावीक वेळाने टिपलेले बिंदू जोडून अंतर काढतो, त्यामुळे वरंध घाटासारख्या रस्त्यावरच्या तीव्र वळणांत तो कोपरे कापू शकतो, बोगद्यात त्याला संकेतच मिळत नाही आणि घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच सायकल चालवण्याच्या स्टँडवर, तर सायकल जागची हलतही नाही. तिथे चाकावरचा सेन्सरच मोजतो, आणि तो आपण भरलेल्या परिघाइतकाच अचूक असतो.