पुढच्या दौऱ्याला बायकांना न्यायचं

एप्रिलमध्ये कोल्हापूरकडच्या आमच्या शेतकरी गटाचे २६ जण काजू-कोकमाची प्रक्रिया बघायला दोन दिवस सिंधुदुर्गात जाऊन आलो. ऊस तुटून गेला होता, खोडव्याला पाणी पाजून झालं होतं. वर्गणी काढून गाडी ठरवली, पहाटे राधानगरीमार्गे फोंडा घाट उतरलो. ग्रुपवर फोटो सगळ्यांनी बघितले. फोटोत न दिसलेली गोष्ट मला लिहायची आहे.

पहिल्या दिवशी वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात गेलो. वेंगुर्ला-७ या काजूच्या जातीची बी तिथं हातात घेऊन बघितली. एक बी दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलोला शंभरेक बिया. आमच्या आजरा-चंदगडकडच्या मंडळींनी कलमांची चौकशी केली. ते चांगलंच झालं.

खरं शिकलो ते एका छोट्या काजू कारखान्यात. बी आधी उन्हात वाळवतात, बॉयलरच्या वाफेवर शिजवतात, मग निवायला ठेवतात. पुढं कटरवर बायका बसलेल्या. एका हातानं बी पात्यात धरायची, दुसऱ्या हातानं दांडा दाबायचा, टरफल उकललं की सुईनं गर अलगद बाहेर. टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं, म्हणून हाताला खोबरेल चोळून बसतात. शंभर किलो बीपासून गर निघतो पंचवीस-सत्तावीस किलो. त्यातला किती अख्खा राहिला आणि किती पाकळी झाली, यावर कारखान्याचा नफा-तोटा. पाकळीचा भाव उतरतो, कणीचा त्याहून खाली.

मी प्रतवारीच्या टेबलाजवळ बराच वेळ उभा होतो. पन्नाशीतल्या एक मावशी समोरच्या ढिगातून बोटांनी गर बाजूला सारत होत्या. १८० नंबर, २४०, ३२०. १८० नंबर म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त १८० गर, इतका मोठा दाणा. काटा नाही, चाळणी नाही, नजरच. आमची माणसं तेवढ्यात मालकाला घेरून उभी होती. बॉयलर केवढ्याला पडला? सबसिडी किती? कुठल्या योजनेत बसतं? मावशींनी मान वर न करता मला विचारलं, "बायकांका कित्याक हाडूक नाय?" म्हणजे, बायकांना का आणलं नाही?

मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका बचत गटाचं कोकमाचं काम बघितलं. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. आमसूल असं पुट देत देत काळं होतं. कुठला दिवस शेवटचा, ते साल बोटांत दाबून कळतं. त्या गटाच्या अध्यक्षा, हिशेब ठेवणाऱ्या, माल घेऊन बाजारात जाणाऱ्या सगळ्या बायकाच. आणि ऐकायला बसलेले आम्ही २६ पुरुष.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, वेंगुर्ल्याच्या काजूला २०१६ साली. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली, तेव्हापासून आपल्याकडं गुळाची बाजारपेठ आहे. तरी आमच्या गटाचा गूळवड्यांचा धंदा एका वर्षात बसला. मशीन आणलं, खोकी छापली. पॅकिंगला माणूस लागेल तेव्हा गावातल्या बायका भांगलणीत अडकलेल्या. पावसाळा लागला आणि वड्या पाकिटातच पाघळल्या. माझी आई त्याआधीच म्हणाली होती, "आषाढात गूळ सुटतोय, आत्ता भरू नका." मशीनची निवड करायला गेलेल्या आम्हा पाचजणांत एकही बाई नव्हती, आणि आईचं बोलणं आम्ही मीटिंगमध्ये काढलंसुद्धा नाही. ते मशीन आज ताडपत्रीखाली आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडं म्हशीचं शेणघाण बाई काढते, वैरण बाई आणते, धार बाई काढते आणि डेअरीचं दहा दिवसांचं बिल बापयाच्या नावावर निघतं. प्रक्रिया उद्योगाचंही तेच करून ठेवणार असू, तर कितीही दौरे काढा, येताना काजूची पाकिटं तेवढी येतील. जो हात काम करणार आहे, त्यानं आधी दुसऱ्याचा हात बघितला पाहिजे. नवऱ्यानं बघून येऊन बायकोला सांगायचं, यात निम्मं वाटेतच सांडतं.

हे मी घरी आल्यावरच अनुभवलं. बायकोला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, त्यांना रोजानं पैसे देतात का किलोवर? लहान पोर असलेली बाई पोराला कुठं ठेवते? बीचा हंगाम तीन महिन्यांचा, मग श्रावणात काम असतं का? तीनही प्रश्न धंद्याच्या मुळाशी जाणारे, आणि दोन दिवसांत आमच्यापैकी एकानंही विचारलेले नाहीत. शेवटी मी कारखान्याच्या मालकांना फोन लावला. शेवटच्या प्रश्नावर ते अर्धा तास बोलले. वर्षभर काम चालवायचं तर वर्षाची बी मार्च ते मे या काळातच भरून ठेवावी लागते, पैसा सगळा तिथं अडकतो. बॉयलरपेक्षा मोठा खर्च हाच.

गटाच्या बैठकीत मी विषय मांडला आहे. दिवाळीनंतरच्या दौऱ्यात निम्म्या जागा बायकांना. दोघांनी लगेच विचारलं, मुक्कामी गेल्यावर घरची धार कोण काढणार?

माझ्या घरातून आई आणि बायको, दोघींची नावं दिली आहेत. धारेला मी आणि धाकटा भाऊ आहोत. म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही, म्हणून या सोमवारपासून संध्याकाळची धार मी काढायला लागलोय.