उत्तर आधीच ठरलेले प्रश्न

निवडणूक लागली की नाशिक जिल्ह्यातल्या प्रचारसभांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "माझ्या शेतकऱ्याच्या कांद्याला भाव मिळाला पाहिजे की नको?" समोरून "पाहिजे!" अशी आरोळी उठते, वक्ता कानाशी हात नेऊन "आवाज येत नाही, जोरात!" म्हणतो आणि लोक घसा ताणून पुन्हा ओरडतात. या प्रकाराची आता मनस्वी चीड येते, कारण 'नको' म्हणणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात सापडणार नाही हे पक्के ठाऊक असल्यामुळेच तो प्रश्न विचारला जातो. आरोळी विरायच्या आत वक्ता पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो आणि भाव कसा मिळणार, हे सांगायचे राहूनच जाते.

डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. ती उठली मे २०२४ मध्ये, दिंडोरी आणि नाशिकचे मतदान तोंडावर आलेले असताना, आणि तीही टनाला किमान ५५० डॉलर निर्यातमूल्य व ४० टक्के शुल्क लावून. ते शुल्क पुढे २० टक्क्यांवर आले आणि पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडला. लासलगावच्या आवारात ट्रॅक्टर लावून लिलावाची वाट पाहणाऱ्याला हे सगळे तोंडपाठ आहे. पुन्हा निर्यातबंदी आली तर तुम्ही कोणती भूमिका घेणार, हे त्याला ऐकायचे असते, आणि त्याच्याकडून मात्र घोषणा वदवून घेतली जाते.

गोदावरीचेही तेच. "गोदामाई आमची आई, गोदामाई आमची ओळख, गोदामाई आमचा श्वास" असे तीनदा घोळवून, शेवटच्या शब्दावर आवाज खाली आणून वक्ता थांबतो आणि टाळ्या घेतो. नदीत मिसळणारे सांडपाणी, पात्रावर पसरणाऱ्या पानवेली, तपोवन आणि आगर टाकळीच्या मलनिस्सारण केंद्रांचे काम यांबद्दल त्या तीन वाक्यांत चकार शब्द नसतो.

वक्तृत्वाशी माझे वैर नाही. याच गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेत तासन्‌तास बसून गंभीर विषय ऐकणारे हे शहर आहे, आणि आकडे व मुदती मांडल्या तर ते कंटाळेल, ही समजूत श्रोत्यांचा अपमान करणारी आहे. कोणता नाला कधी वळवणार आणि त्याचा पैसा कुठून आणणार, एवढे तरी व्यासपीठावरून सांगा, आणि मग आम्हाला उलट प्रश्न विचारू द्या.