खुबा समोरून बदला की मागून, संध्याकाळी घरी जाणं त्यावर ठरत नाही

गेले काही महिने परळ-लालबागच्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘खुबा बदलायचा तर समोरूनच. एकही स्नायू कापत नाहीत, सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी, पथ्य काही नाही. मागून करणारे डॉक्टर जुन्या पद्धतीचे, त्यांच्याकडे जाऊ नका.’ मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी जाऊन अशा पेशंटना चालायला शिकवते. हा मेसेज वाचून एका आजींनी ठरलेली तारीख रद्द केली, म्हणून हे लिहितेय.

‘एकही स्नायू कापत नाहीत’ हे अर्धंच खरं. समोरून, म्हणजे जांघेजवळ चीर देऊन जाताना स्नायूंच्या मधल्या फटीतून सांध्यापर्यंत पोचता येतं, हे बरोबर. पण मांडीच्या हाडात कृत्रिम सांध्याचा दांडा बसवायचा तर ते हाड जखमेतून वर उचलावं लागतं. ते सहज येत नसेल तर सांध्यामागचे छोटे स्नायूबंध सोडवावे लागतात, आणि बाजूचा स्नायू हत्यारांच्या ताणाने दुखावतो. हाडाला तडा जाण्याची भीतीही याच टप्प्यावर, आणि सर्जनचा हात या पद्धतीवर बसलेला नसेल तर जास्त. मांडीची बाहेरची बाजू बधिर राहू शकते, कारण त्वचेची एक नस तिथूनच जाते. पोट मोठं असेल तर जांघेच्या घडीतली जखम मुंबईच्या घामात चिघळायला वेळ लागत नाही.

‘जुनी पद्धत’ म्हणाल तर समोरचा मार्गही कार्ल ह्यूटर यांनी १८८१मध्येच वर्णन केला होता. मागून केलेला सांधा निसटण्याचं प्रमाण पूर्वी जास्त होतं, हे मान्य. पण मागून जाताना सोडवलेले स्नायूबंध आणि सांध्याचं आवरण परत हाडाला शिवून टाकायला लागल्यापासून ते बरंच खाली आलं. समोरून केलेल्यांना पहिले काही आठवडे काठी लवकर सुटते, वेदना थोड्या कमी असतात. हा फायदा खरा आहे. मात्र काही महिन्यांनी दोघांच्या चालण्यात फारसा फरक उरत नाही.

आता ‘संध्याकाळी घरी’. अमेरिकेत मेडिकेअरने (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने) २०२०मध्ये खुबा बदलणं ‘भरती करूनच’ करायच्या यादीतून काढलं, तेव्हापासून तिथे त्याच दिवशी घरी पाठवणं आणखी वाढलं. पण तिथेही मागून ऑपरेशन झालेले त्याच दिवशी घरी जातात. पेशंटला थांबवून ठेवतात ते चक्कर, उलट्या, उतरलेला रक्तदाब, न होणारी लघवी आणि आवाक्यात न येणारी वेदना. त्यामुळे भुलीची पद्धत, रक्तस्राव रोखण्याचं औषध आणि त्याच दिवशी उभं करणारा फिजिओ, यांचं वजन चिरेपेक्षा जास्त.

आणि घर कुठलं? चाळीत तिसरा मजला, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला आणि तोही भारतीय पद्धतीचा, असं असेल तर जिना इस्पितळातच शिकून घ्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, एक हात कठड्यावर. खुर्ची अशी हवी की बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. कमोड खुर्ची पेशंट घरी यायच्या आधी आणून ठेवा. पहिल्या रात्री घरात जागं माणूस हवं. हृदयाचा त्रास, आवाक्यात नसलेली साखर, झोपेत श्वास अडकण्याची तक्रार किंवा घरी एकटं राहणं, यातलं काही असेल तर एक-दोन रात्री इस्पितळात राहण्यात काहीच कमीपणा नाही.

‘पथ्य नाही’ हा सगळ्यात घातक भाग. लवकर घरी आलं म्हणून पायात गुठळी होण्याचा धोका संपत नाही. ती टाळणारी औषधं साधारण महिनाभर चालतात आणि घरी आल्यावर ती घ्यायची राहून जातात. पोटरी एकाएकी सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला तर लगेच इस्पितळ गाठा. जमिनीवर मांडी घालणं, उकिडवं बसणं हे सर्जनला विचारल्याशिवाय नाही, मार्ग कुठलाही असो.

सर्जनला विचारायचं ते हे: तुम्ही नेहमी कुठल्या मार्गाने करता, वर्षाला किती करता, रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार? एक फोन टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम मंजूर करणाऱ्या संस्थेलाही करा. बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसींत डे-केअरच्या यादीबाहेरच्या ऑपरेशनला किमान २४ तास भरतीची अट असते. संध्याकाळी घरी आल्यावर क्लेम अडकू नये, म्हणून मंजुरी आधी लेखी घ्या.