बिअर्डमोर हिमनदी : थोडी भर

अंटार्क्टिकातल्या बिअर्डमोर हिमनदीवरचा लेख आवडला, पण तिचा शोध ब्रिटिश संशोधक स्कॉटने लावला, हे त्यातले वाक्य दुरुस्त करावे. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या मोहिमेचा प्रमुख शॅकल्टन आणि त्याचे सोबती वाइल्ड, मार्शल आणि अ‍ॅडम्स या चौघांनी डिसेंबर १९०८ मध्ये ती प्रथम पाहिली आणि तिच्यावरूनच ते ध्रुवाकडच्या पठारावर चढले. नाव दिले ते विल्यम बिअर्डमोर या ग्लासगोच्या उद्योगपतीचे. मोहिमेच्या कर्जाला तो जामीन राहिला होता. त्याने स्वतः ती कधी पाहिली नाही.

मला मात्र आठवतो सॉक्स, त्यांचा शेवटचा घोडा. ७ डिसेंबरला वाइल्ड त्याला घेऊन मागून येत होता. बर्फाने झाकलेली भेग पायाखाली फुटली आणि घोडा दिसेनासा झाला. घोडा आणि बर्फावरून ओढायची घसरगाडी यांना जोडणारा लाकडी दांडा मोडला, म्हणून गाडी वरच राहिली. वाइल्ड काठाला हाताने लटकून वाचला. खाली नुसता काळोख, आवाज काही नाही. पुढे ९ जानेवारी १९०९ ला ध्रुव जेमतेम १८० किलोमीटरवर असताना ते परत फिरले. हा निर्णय मला ध्रुव गाठण्याहून मोठा वाटतो.

स्कॉट याच वाटेने गेला. परतताना, फेब्रुवारी १९१२ मध्ये, त्याचा सोबती विल्सनने हिमनदीच्या वरच्या भागात दगड गोळा केले. उपाशीपोटीही त्यांनी ते सुमारे १६ किलो वजन टाकले नाही. त्यात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानांचे ठसे निघाले. त्याच पानांचे ठसे आपल्या नागपूर-चंद्रपूरकडच्या गोंडवन खडकांतही, म्हणजे भारत आणि अंटार्क्टिका जोडलेले असतानाच्या खडकांतही सापडतात! लेखात एवढे तरी यायला हवे होते.