‘फुकट म्हणून बसवलं, आता चार चॅनेल गायब’ : 1 स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमच्या तीन तक्रारी आहेत. ‘एकदाच पैसे, मग कायम फुकट’ असं सांगून आम्ही डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची बिनरिचार्जची डिश, बसवलं. 1 एप्रिलला घरात रोज लागणारी चार चॅनेल गेली. आणि शेजाऱ्यांकडे तुमच्यापेक्षा जास्त चॅनेल दिसतात, म्हणजे आम्ही तुम्हाला जुना बॉक्स खपवला. तिसरी तक्रार बरोबर आहे, तिच्याबद्दल खाली लिहितो. पहिल्या दोन्हींचं कारण मात्र ना दुकानात आहे, ना तुमच्या गच्चीवर.

रिचार्ज नाही, हे आजही खरं आहे. पण उपग्रहावरची जागा फुकट नसते, तिचे पैसे कुणीतरी भरतंच. पूर्वी रेडिओ-टीव्हीचं लायसन्स असायचं. 1980च्या दशकात ते बंद झालं आणि प्रेक्षकाच्या खिशातून सरळ येणारा पैसा थांबला. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचे पगार बहुतांशी सरकारी अनुदानावर चालतात. बाकीचं जाहिराती आणि इतर कमाईतून उभं करावं लागतं, आणि त्यात फ्री डिशच्या स्लॉटचा, म्हणजे चॅनेल दाखवायच्या जागेचा, लिलाव हे मोठं साधन झालंय. खाजगी चॅनेल ऑनलाइन बोली लावतं, जिंकलं की साधारण 1 एप्रिल ते 31 मार्च अशी वर्षाची जागा मिळते. बोलीचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येकाची किमान किंमत वेगळी. हिंदी मालिकांचा गट सगळ्यात महाग, प्रादेशिक भाषांचा बराच स्वस्त. यातून वर्षाला शेकडो कोटी जमतात.

म्हणून तुमची चॅनेल नेमकी 1 एप्रिललाच गेली. चॅनेलवाल्याचं गणित सरळ असतं. फ्री डिश चार कोटींहून जास्त घरांत आहे, तिथून मिळणारी जाहिरात स्लॉटच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर तो राहतो. शिवाय तेच चॅनेल फुकट दिसत असेल तर केबलवाले आणि रिचार्जवाले डिश त्याचे पैसे का देतील, हाही प्रश्न असतो. 2022च्या 1 एप्रिलला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल ही चारही एकदम बाहेर पडली होती. देशभरातल्या दुकानांत त्या आठवड्यात लोक बॉक्स हातात घेऊन उभे होते, आणि बॉक्स एकाचाही बिघडलेला नव्हता.

डीडी सह्याद्री आणि दूरदर्शनची बाकीची चॅनेल लिलावात नसतात, ती जात नाहीत. भारताचे महत्त्वाचे क्रिकेट सामनेही डीडी स्पोर्ट्सवर येतात, कारण 2007च्या कायद्याने सामन्याच्या प्रक्षेपणाचे हक्क असलेल्या कंपनीला तो सिग्नल प्रसार भारतीला द्यावाच लागतो. टीव्हीवरच्या जाहिरातीचे 75 टक्के कंपनीला, 25 टक्के प्रसार भारतीला. आयपीएल त्यात बसत नाही, त्याची वाट बघू नका.

आमचं मत विचाराल तर घरटी फी गोळा करण्यापेक्षा हा मार्ग बरा. पण सार्वजनिक वाहिनीची कमाई अशी चार-सहा मोठ्या खाजगी कंपन्यांच्या मर्जीवर टांगलेली असणं काही ठीक नाही, आणि झळ बसते ती तुमच्यासारख्याला.

आता बॉक्स. तुमचा एमपीईजी-2 चा, म्हणजे चॅनेलचं चित्र दाबून पाठवायच्या जुन्या पद्धतीचा आहे. नवी बरीच चॅनेल एमपीईजी-4 मध्ये येतात. त्यात तेवढ्याच जागेत जास्त चॅनेल मावतात, म्हणून तो स्लॉट स्वस्त. जुन्या बॉक्सला ती उलगडता येत नाहीत, शेजाऱ्यांच्या नव्या बॉक्सला येतात. हा फरक विकतानाच सांगायला हवा होता, तो सांगितला नाही. चूक आमची. बिल घेऊन या, जुना बॉक्स बिलाच्या पूर्ण किमतीला परत घेऊ आणि एमपीईजी-4 चा देऊ. वरचा फरक असेल तेवढाच भरा. डिश, एलएनबी (डिशच्या समोरचा सिग्नल पकडणारा छोटा डबा), वायर तीच चालते.

तोपर्यंत घरी एवढं करून बघा. मेनूतून इन्स्टॉलेशनमध्ये जा. पिन मागितला तर बहुतेक बॉक्सना 0000 चालतो. उपग्रह जीसॅट-15 (93.5 पूर्व), एलएनबी 9750/10600 ठेवा. आधी जुनी यादी पूर्ण डिलीट करा, मगच ऑटो स्कॅन लावा. यादी न पुसता स्कॅन केलं की गेलेल्या चॅनेलची नावं तशीच राहतात आणि त्यावर काळा पडदा दिसतो. लोकांना वाटतं बॉक्स गेला.

स्कॅनमध्ये काहीच सापडलं नाही तर सिग्नलच्या दोन पट्ट्या बघा. ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी वायर आणि एलएनबी जोडलेले आहेत एवढंच सांगते, तिच्यावर विसंबू नका. ‘क्वालिटी’ शून्य असेल तर डिश हललीय. आपल्या भागात तिचं तोंड आग्नेयेला लागतं. क्वालिटी वरखाली नाचत असेल तर एलएनबीपाशी वायरचं टोक उघडून बघा. तांब्याची तार हिरवी-काळी पडली असेल तर आत पाणी गेलंय. दोन इंच कापून नवा कनेक्टर लावायचा आणि वायरला खाली एक वळसा द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं.

दुकानात येताना बॉक्ससोबत रिमोट आणि अ‍ॅडॉप्टर दोन्ही आणा. निम्मे लोक रिमोट घरीच विसरतात, आणि त्याच्याशिवाय मेनूच उघडत नाही.