तांब्या आणि थिअरीचा तास

डिझाइनच्या मुलांना थिअरीचा तास शिक्षा का वाटतो? बारा वर्षं शिकवतेय, मला यात मुलांची चूक दिसत नाही. स्टुडिओत आपण म्हणतो, करून बघ, भिंतीवर लाव, चारचौघांचं ऐक, मोड, परत कर. आणि थिअरीला? 'टिपा लिहा, गुण ५.'

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला जो अहवाल दिला, त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, उभी राहिली. त्या अहवालात आपल्या साध्या तांब्यावर फार सुंदर मजकूर आहे. यंदा मी तो आधी वाचायलाच दिला नाही. म्हटलं, घरून एकेक तांब्या आणा. रिकामा धरा, भरून धरा, डोळे मिटून ओता. मग शाडूत त्याचे गळे करून बघितले. गळा रुंद होत गेला तसा तो बोटांत मावेना, हे मुलांच्या हातांनाच कळलं. एक सकाळ भांडी बाजारात घालवली. सुचलेला प्रत्येक प्रश्न चिठ्ठीवर लिहून भिंतीवर लावायचा, एवढाच नियम.

एका मुलाने लिहिलं, 'जुना तांब्या मोडीत दिला तर किती सुटतात?' बाकीचे हसले.

चौथ्या तासाला अहवाल वाटला. ईम्सही प्रश्नच विचारतात: पाणी किती, हात कुणाचे, डोक्यावर की कमरेवर, भरल्यावर तोल कसा. आणि हो, धातूच्या मोडीच्या मोलाचाही प्रश्न तिथे आहे! तो परिच्छेद त्याच मुलाने मोठ्याने वाचला. दुसऱ्या भांड्यावर आपटल्यावर आवाज कसा येतो, हे मात्र आमच्या भिंतीवर कुणीच लिहिलं नव्हतं. तांब्या कुणा एकाने घडवला नाही, पिढ्यान्‌पिढ्या घडत गेला, या मुद्द्यावर तर तासभर भांडण झालं. मग डिझायनर कोण? मला हीच थिअरी शिकवायची होती.

वाचन टाळा, असं मी अजिबात म्हणत नाही. अहवाल वाचला नसता तर ती नुसती सहल झाली असती. निबंधाचे कच्चे खर्डेही मी भिंतीवर लावते, त्यांची ज्युरी, म्हणजे सगळ्यांसमोर चर्चा आणि परीक्षण, होते, दुसरा खर्डा सक्तीचा.

सहकारी म्हणतात, पोर्शन राहतो. राहतो, खरं आहे. दोन प्रकरणं मला घाईत उरकावी लागली. पण वर्षाअखेरीच्या पेपरात अजूनही टिपाच येतात, आणि त्या भिंतीवरच्या चिठ्ठ्यांना, त्या दुसऱ्या खर्ड्याला एकही गुण नाही. निम्मे गुण तरी तिकडे द्या, एवढी माझी मागणी आहे. पुढच्या बैठकीत ती लेखी देणार आहे.