आकडा सांगा आणि गप्प बसा

बीड जिल्ह्यातल्या माझ्या मित्रांची एक छोटी संस्था आहे. गायरानाच्या आणि अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस लढते. परदेशात स्थायिक झालेल्या एकेका माणसाकडून मोठ्या रकमा घ्याव्यात का, यावरून तिथं सध्या जुंपलीय. एक गट म्हणतो, चळवळ लोकवर्गणीवरच चालावी. ज्याचा पैसा मोठा, त्याचाच शब्द चालतो. मी दुसऱ्या गटात.

इथं न्यू जर्सीत मी एका नागरी हक्क संस्थेच्या निधी समितीवर आहे. मोठी देणगी मागायची इथली रीत मला आधी आगाऊपणाची वाटायची. ओळख मुरलेल्या माणसाच्या घरी जायचं, कामाचं बोलायचं आणि सरळ आकडा सांगायचा: "दरवर्षी पंचवीस हजार डॉलर, तीन वर्षं." मग गप्प बसायचं. समोरचा खिडकीबाहेर बघत राहिला तरी आमच्या संचालकबाई हूं की चूं करत नाहीत. आपण मात्र पावतीपुस्तक पुढं करून स्वतःच म्हणतो, "काय इच्छा असेल ते द्या, साहेब." साहेबांची इच्छा पाचशे एकवर थांबते.

पाचशे एकवर जयंती होते, केस होत नाही. साक्षीदाराच्या प्रवासखर्चाची तरतूद अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात आहे. पण रोजगार बुडवून अंबाजोगाईच्या कोर्टात आलेल्या बाईला पैसे त्याच दिवशी हातात हवे असतात. आणि तारखा वर्षानुवर्षं पडत राहतात.

चार्ल्स गारलंड नावाच्या अमेरिकन तरुणानं वारशात आलेला पैसा देऊन टाकला, त्यातून 1922 साली एक निधी उभा राहिला. पुढं त्याच निधीनं एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या कोर्टातल्या लढाईला सुरुवातीचं बळ दिलं. सरकारी शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरला 1954 साली. एवढी वर्षं कोण पावत्या फाडत बसणार?

अर्थात पहिल्या गटाच्या बाजूचा दाखलाही हाच. राज्यशास्त्राच्या अभ्यासक मेगन मिंग फ्रान्सिस यांची मांडणी अशी, की या निधीमुळं संघटनेचा रोख कृष्णवर्णीयांवरच्या झुंडहिंसेकडून शिक्षणाकडं वळला. म्हणून माझी अट आहे: कुठली केस घ्यायची यात देणगीदाराचा शब्द नाही, हे पैसे घेण्याआधी लेखी हवं. आणि एकाच माणसावर निम्मं बजेट नको.

खरी अडचण वेगळीच आहे. आपले इंजिनिअर, डॉक्टर गावच्या सप्ताहाला लाख देतात, झेडपीच्या शाळेला संगणक देतात. फोटो येतो, सरपंच फेटा बांधतो. केसला पैसे दिले की गावात समोरची बाजू उभी राहते, आणि ती बऱ्याचदा आपल्याच भावकीतली असते. इथल्या देणगीदाराला आरोपीच्या बांधाला बांध लावून शेत कसायचं नसतं. आपल्या माणसाचा भाऊ अजून तिथंच नांदतो. त्यामुळं त्याच्याकडं मागताना नाव गुप्त ठेवायची तयारी आधी सांगावी, रक्कम नंतर.

कायद्याची मेखही आहेच. एफसीआरए म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याप्रमाणं परदेशातल्या भारतीय नागरिकानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. नागरिकत्व बदललेल्याचे ठरतात, मग ते रुपयांत दिले तरी. त्यांच्यासाठी एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातंही. मित्रांची नोंदणी झालेली नाही. त्यांनी देणगी मागायच्या माणसांची यादी पाठवली तेव्हा त्यात डॉलरच्या कमाईचे अंदाज होते. मी ती परत धाडली, प्रत्येक नावापुढं आधी पासपोर्ट कुठला ते लिहा म्हणून.